डाव आणि पेच : ‘आशि-गारामी’ ह्या संज्ञेचा इतिहास

मल्लविद्येच्या मराठी परिभाषेत ‘डावपेच’ हा जोडशब्द इतका रुळलेला आहे की, त्याचे दोन घटक वस्तुतः भिन्न अर्थांचे आहेत ह्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ‘डाव’ म्हणजे खेळणाऱ्याची पाळी, त्याने केलेली खेळी. ती सुरू होते आणि संपते. ‘पेच’ हा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी पिळणे, वेटाळणे हा अर्थ आहे. पगडीचा पेच, शिरपेच, पतंगांचा पेच ह्या सर्व प्रयोगांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. पेच ही क्रिया नव्हे, ती स्थिती आहे. दोन पतंगांची पेच लागते तेव्हा कोणताच पतंग अजून कटलेला नसतो. परंतु कटण्याचा प्रश्न त्या क्षणापासून सुरू झालेला असतो.

हा भेद येथे प्रारंभीच नोंदण्याचे कारण असे की, झोंबीच्या आधुनिक कलांमध्ये प्रतिस्पर्ध्याचा एक पाय आपल्या दोन्ही पायांत गुंतवून त्याचा गुडघा ताब्यात ठेवण्याचे जे शास्त्र विकसित झाले, त्याचा इतिहास म्हणजे एका डावाचे पेचात झालेले रूपांतर होय. हे रूपांतर जपान, रशिया, ब्राझील आणि अमेरिका एवढ्या भूभागावर, सुमारे सव्वाशे वर्षांच्या अवधीत घडले. त्याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार कोणता असेल, तर तो परिभाषेतील शब्द. मल्लांच्या आठवणी आणि शिष्यांच्या आख्यायिका ह्यांत अतिशयोक्ती शिरते. संज्ञा मात्र आपल्या जन्मकाळची समजूत बहुधा तशीच अंगावर वागवीत असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेली संज्ञा आहे ‘आशि-गारामी’. ‘आशि’ म्हणजे पाय. जपानी भाषेत हा शब्द मांडीपासून तळव्यापर्यंतच्या संपूर्ण अवयवाला लागू पडतो. मराठी ‘पाय’ही नेमका तसाच आहे. इंग्रजीत मात्र ह्या अवयवाचे दोन तुकडे करून दोन निराळी नावे दिलेली आहेत आणि ह्या फरकाचा परिणाम पुढे दिसणार आहे. ‘गारामी’ हे रूप ‘कारामु’ ह्या धातूपासून साधलेल्या ‘कारामी’ ह्या नामाचे होय. समासात उत्तरपदाचे आद्य कठोर व्यंजन मृदू व्हावे हा जपानीचा नियम आहे. ‘कामी’ म्हणजे कागद, परंतु ‘ओरिगामी’ त्यातूनच होतो. ‘कारामु’ म्हणजे गुंतणे, वेलीप्रमाणे वेढणे. तेव्हा आशि-गारामीचा शब्दशः अर्थ ‘पायांचा गुंता’ असा होतो. त्याच शाळेच्या परिभाषेतील ‘हिशिगी’ (चिरडणे) किंवा ‘गातामे’ (घट्ट करणे, जखडणे) ह्या शब्दांशी तो ताडून पाहावा. ‘हिशिगी’ परिणाम सांगते. ‘गारामी’ रचना सांगते. नाव देणाऱ्याच्या मनात पाय मोडण्यापेक्षा पाय गुंतणे अधिक ठळक होते, असा निष्कर्ष काढावयास हरकत नसावी.

हा गुंता आवश्यक का असतो, हे समजण्यासाठी गुडघ्याच्या रचनेकडे थोडे वळले पाहिजे. गुडघा मुख्यतः बिजागरीप्रमाणे मिटतो व उघडतो. पाय पूर्ण ताठ असताना मांडीचे हाड व नडगीचे हाड एकमेकांत जणू कुलूपबंद होतात आणि नडगीला स्वतंत्रपणे फिरता येत नाही. गुडघा वाकला म्हणजे मात्र ती आपल्या अक्षाभोवती काही अंशांनी फिरू शकते. ही मर्यादा ओलांडली की भार अस्थिबंधांवर आणि सांध्यातील कूर्चेच्या चकत्यांवर येतो. आता कल्पना करा की, एका मल्लाने दुसऱ्याची टाच काखेशी धरून ती बाजूला वळविली. मांडी मोकळी असेल तर प्रतिस्पर्धी त्याच दिशेने अंग फिरवील, सबंध पाय खुब्याच्या सांध्यातून वळेल, आणि गुडघ्याला काहीच होणार नाही. कारण खुब्याचा सांधा उखळीसारखा असल्याने तो हे वळण सहज पचवितो. पीळ गुडघ्यातच साठावा असे वाटत असेल, तर टाच फिरत असताना मांडी स्थिर ठेवली पाहिजे. दोन्ही हात टाचेत गुंतलेले आहेत. तेव्हा मांडी धरण्याचे काम पायांवाचून दुसरे कोण करणार? म्हणून एक पाय प्रतिस्पर्ध्याच्या खुब्याशी, दुसरा त्याच्या मांडीमागे, आणि आपले गुडघे परस्परांशी घट्ट मिटलेले, अशी बैठक बसते. प्रतिस्पर्ध्याने आपला गुडघा ह्या मिठीबाहेर ओढून काढला की सर्व खेळ संपला. आजचे मल्ल ह्या मर्यादेला ‘गुडघ्याची रेषा’ म्हणतात. सर्व प्रकारच्या पायगुंत्यांचे मर्म ह्या एका रेषेत आहे.

इतिहासाकडे येऊ. कानो जिगोरो ह्यांनी १८८२ साली तोक्यो येथे कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि जुन्या जुजुत्सू संप्रदायांतील तंत्रे निवडून, पारखून जूदो ही नवी पद्धती सिद्ध केली. भूमीवरील तंत्रांचा आदर्श पाठ म्हणून ‘कातामे-नो-काता’ रचण्यात आला. त्यात दाबून धरण्याची ५, गळा आवळण्याची ५ आणि सांधे पिळण्याची ५ अशी एकूण १५ तंत्रे आहेत. पंधरावे व अखेरचे तंत्र आशि-गारामी. त्याचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. एक जण पाठीवर पडून दुसऱ्याला पोटावर पाय लावून डोक्यावरून फेकू पाहतो. दुसरा पुढे पाऊल रोवून त्याला अटकाव करतो. फेक फसलेली आहे. त्याच क्षणी खालचा मल्ल आपला एक पाय त्या रोवलेल्या पायाभोवती बाहेरून वेढून तळवा त्याच्या पोटावर आणतो, दुसऱ्या पायाने त्याचा मागचा पाय ढकलून त्याला पाडतो, आणि कंबर वळवून वेढलेला पाय ताणतो. गुडघ्यावर पीळ येतो. ह्या सर्व व्यवहारात प्रतिस्पर्ध्याच्या टाचेला हातांचा स्पर्शही होत नाही. काम संपूर्ण पायांचे आहे.

परंतु हे तंत्र स्पर्धेत फार काळ टिकले नाही. १८९९ साली दाइ निप्पोन बुतोकुकाइ ह्या संस्थेच्या समितीने, कानो ह्यांच्याच अध्यक्षतेखाली, सामन्यांचे नियम तयार केले तेव्हा बोटे, मनगट व घोटा ह्यांच्या सांध्यांवरील तंत्रे वगळण्यात आली. १९१६ साली आशि-गारामी निषिद्ध झाली. १९२५ साली कोपराखेरीज अन्य सर्व सांधे वर्ज्य ठरले. कानो हे शिक्षणतज्ज्ञ होते. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते आणि शाळाशाळांतून जूदो पोहोचावा ही त्यांची आकांक्षा होती. शाळकरी मुलांचे गुडघे पणाला लावून कोणताही विषय अभ्यासक्रमात शिरत नाही. ह्या दृष्टीने त्यांचा निर्णय सर्वस्वी समंजस होता, असे माझे मत आहे. (फुसेन-र्यू ह्या संप्रदायाच्या तानाबे माताएमोन ह्यांनी कोदोकानच्या मल्लांना पायांच्या पिळांनी हरविले आणि म्हणून बंदी आली, अशी एक कथा इंग्रजी पुस्तकांतून फार प्रसृत झाली आहे. ती रंजक आहे. पण वरील नियमांची संगती लावण्यास तिची गरज पडत नाही.)

तथापि बंदीचा एक परिणाम नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा. आशि-गारामी कातामध्ये राहिली, सामन्यातून गेली. म्हणजे तिचे रूप टिकले, प्रयोग संपला. वैदिक स्वर पाठात शाबूत राहिले आणि बोलीतून लोपले, त्याची येथे आठवण होते. ज्या तंत्राला विरोध करणारा कोणी नसतो, त्याला उपप्रकार फुटत नाहीत. एका आशि-गारामीच्या चार, सहा, दहा आशि-गारामी होण्यासाठी जे घर्षण लागते, ते जपानमध्ये सुमारे पाऊण शतक थांबले. आजही कोदोकानच्या निषिद्ध तंत्रांच्या यादीत तिचे नाव आहे. तिच्या शेजारी ‘कानी-बासामी’ हे नाव आहे. ‘खेकड्याची कात्री’ असा त्याचा अर्थ. १९८० सालच्या अखिल जपान स्पर्धेत एन्दो सुमिओ ह्यांनी ही कात्री मारली आणि विख्यात यामाशिता यासुहिरो ह्यांच्या पायाचे हाड मोडले. त्या प्रसंगानंतर तिलाही स्पर्धेचे दार बंद झाले.

जपानबाहेर ह्या विद्येची एक शाखा रशियात गेली. वासिली ओश्चेप्कोव्ह हे १९११ साली कोदोकानमध्ये दाखल झाले, म्हणजे १९१६ च्या बंदीपूर्वी, आणि १९१३ साली त्यांना पहिली दान ही श्रेणी मिळाली. मायदेशी त्यांनी जूदो शिकविला, त्यात इतर कुस्त्यांतील डाव मिळविले. १९३७ साली जपानचे हेर असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि मॉस्कोच्या बुतीर्का तुरुंगात त्यांचा अंत झाला. पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, ह्या कुस्तीला सोव्हिएत क्रीडाप्रकार म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. पुढे तिचे नाव ‘साम्बो’ असे स्थिरावले. जपानी मूळ उच्चारणेच धोक्याचे झाल्यामुळे परिभाषा संपूर्ण रशियन करण्यात आली. भाषाशुद्धीची चळवळ आपल्यालाही परिचित आहे; पण तिच्या पाठीमागे तुरुंगाची भीती असावी असा प्रसंग विरळाच. ह्या नव्या परिभाषेत वेदनादायक तंत्रांचे तीन वर्ग आहेत : ‘रिचाग’ म्हणजे तरफ, ‘ऊझेल’ म्हणजे गाठ आणि ‘उश्चेम्लेनिये’ म्हणजे चिमटणे. ही नावे यंत्रशास्त्राच्या अंगाने दिलेली आहेत. बल कोणत्या पद्धतीने लागते ते त्यांत सांगितले आहे. ‘ऊझेल’मध्ये गुंत्याची जाणीव आहे खरी, पण ती वळविलेल्या अवयवाची गाठ आहे, दोन शरीरांची नव्हे. साम्बोने पायांवरील तंत्रे जिवंत ठेवली, गुडघ्याची तरफ व घोट्याचे चिमटणे विलक्षण तल्लख केले. मात्र टाच धरून पाय पिळणे त्याच्याही नियमांत निषिद्ध आहे.

इंग्लंड-अमेरिकेतील ‘कॅच’ कुस्तीत पायांवरील पकडी पूर्वीपासून होत्या. अमेरिकेचा फ्रँक गॉच हा ‘टो होल्ड’ म्हणजे पायाच्या बोटांकडून धरण्याच्या पकडीसाठी प्रसिद्ध होता, आणि १९११ साली शिकागो येथे त्याने जॉर्ज हाकेनश्मिटवर तीच आणली. इंग्रजी संज्ञांची मोडणी पाहिली तर ‘टो होल्ड’, ‘हील हुक’, ‘नी बार’, ‘अँकल लॉक’ अशी सर्व नावे धरलेल्या किंवा मोडावयाच्या भागावरून पडली आहेत. अवयवाचे तुकडे पाडणारी भाषा पकडींचेही तुकडेच पाडते, असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह भाषाशास्त्रज्ञाने आवरलेला बरा, कारण रशियन भाषाही जपानीप्रमाणेच सबंध पायाला एक शब्द वापरते आणि तरीही तेथे गुंत्याचा वर्ग निर्माण झाला नाही. एवढे मात्र निर्विवाद की, हातांनी काय धरले हे सांगणाऱ्या नावांमुळे पायांनी काय धरले आहे हा प्रश्न बराच काळ अनामिक राहिला. आपल्या लाल मातीतील कुस्तीची गोष्ट निराळी. तिचा निकाल चितपटाने लागतो. टांग असो की ढाक, पाय प्रतिस्पर्ध्याला लोळविण्यासाठी आहे. गुडघा पिळण्याचे प्रयोजनच तेथे उद्भवत नाही.

ब्राझीलमध्ये ही विद्या १९१४ साली तेथे पोहोचलेल्या माएदा मित्सुयो ह्यांच्याकडून गेली आणि ग्रेसी कुटुंबाच्या हाती तिला नवे वळण लागले. ‘आधी स्थान, मग शेवट’ हे तिचे सूत्र झाले. गुणपद्धतीही त्याच सूत्राची : छातीवर बैठक मिळविल्यास ४ गुण, पाठ मिळविल्यास ४, पायांची आडकाठी ओलांडल्यास ३. प्रतिस्पर्ध्याचा पाय गुंतवून गुडघा पूर्ण ताब्यात घेतला तरी गुण शून्य! स्थानांच्या ह्या उतरंडीत पायगुंत्याला जागाच दिलेली नव्हती. तो स्थान नव्हता, तो फक्त शेवट होता, आणि तोही कनिष्ठ प्रतीचा. ह्या तुच्छतेची एक सामाजिक बाजू आहे. रिओच्या उपनगरी, श्रमिक वस्तीत शिकविणाऱ्या ओस्वाल्दो फाद्दा ह्यांच्या शिष्यांनी १९५० नंतरच्या दशकात ग्रेसींच्या आखाड्याला आव्हान दिले आणि घोट्याच्या पकडींनी विजय मिळविले. पाय धरणाऱ्यांना पोर्तुगीजमध्ये ‘सापातेइरो’ म्हणून हिणवीत. ‘सापातेइरो’ म्हणजे चांभार. जो पायाशी बसतो तो हलका, ही समजूत आपल्या समाजाला समजावून सांगावयास नको. उलटपक्षी दुसऱ्या गारामीचे भाग्य पाहा : १९५१ साली रिओमध्ये किमुरा मासाहिको ह्यांनी एलिओ ग्रेसींना ‘उदे-गारामी’ने, म्हणजे हाताच्या गुंत्याने हरविले, आणि ते तंत्र तेव्हापासून ब्राझीलच्या परंपरेत ‘किमुरा’ ह्याच नावाने गौरविले जाते. हाताच्या गुंत्याला वीराचे नाव लाभले. पायाच्या गुंत्याला शिवी मिळाली.

पायाच्या पकडींवरील आक्षेप केवळ सामाजिक नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या ‘यूएफसी’ स्पर्धेत केन शॅमरॉकने पॅट्रिक स्मिथला टाचेच्या पिळाने शरण आणले. शॅमरॉकची तालीम जपानच्या व्यावसायिक कुस्तीत झालेली होती, आणि त्या कुस्तीला ‘कॅच’ शिकविले होते कार्ल गॉच ह्यांनी. त्याच रात्री पुढल्या लढतीत शॅमरॉकने रॉइस ग्रेसीचा पाय धरून मागे अंग टाकले. रॉइस त्याच्या पाठोपाठ वर आला आणि गळा आवळून त्याने लढत संपविली. ‘पाय धरशील तर वरची जागा गमावशील’ हा ब्राझिली गुरूंचा इशारा त्या लढतीने खरा ठरविला असे अनेकांस वाटले. माझ्या मते तिने निराळेच काही दाखविले. तेथे पकड होती, पेच नव्हता; पाय हाती होता, पण ज्याचा तो पाय होता त्याला उठून बसण्याची मोकळीक होती.

हा फरक ओळखून त्याचे शास्त्र बनविण्याचे श्रेय न्यूझीलंडचे जॉन डॅनहर ह्यांना द्यावे लागते. ते तत्त्वज्ञानाच्या उच्च अध्ययनासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले आणि रेन्झो ग्रेसींच्या आखाड्यात रमले. डीन लिस्टर ह्या मल्लाने त्यांना एकदा सहज विचारले की, मानवी शरीराच्या निम्म्या भागाकडे तुम्ही दुर्लक्ष का करता. त्या प्रश्नाने आपली दिशा बदलली, असे डॅनहर ह्यांनी स्वतः सांगितले आहे. (लिस्टर ह्यांनी २००३ साली एडीसीसी ह्या जागतिक स्पर्धेत खुल्या गटाचे अजिंक्यपद मिळविले.) डॅनहर ह्यांनी क्रम उलटा केला. आधी पायांनी मांडी व खुबा बांधावयाचा, प्रतिस्पर्ध्याला उठता किंवा वळता येणार नाही अशी व्यवस्था करावयाची, आणि मगच टाचेकडे हात न्यावयाचा. ‘आधी स्थान, मग शेवट’ हे ग्रेसींचेच सूत्र. ते फक्त शरीराच्या उपेक्षित अर्ध्या भागाला लावले. ह्या स्थानांच्या वर्गाला नाव हवे होते. डॅनहर ह्यांनी कोदोकानचे जुने नाव उचलले : आशि-गारामी.

अर्थविस्ताराचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. जे नाव पंधराव्या तंत्राचे, एका विशिष्ट डावाचे होते, ते आता एका जातीचे झाले. पाय खुब्यावर ठेवलेला साधा गुंता. दोन्ही पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला असलेला गुंता. एक पाय आडवा प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही मांड्यांमध्ये नेऊन त्रिकोण बांधलेला गुंता. आणि दोघांचेही पाय सारख्याच रीतीने परस्परांत अडकलेला गुंता, ज्यास ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणतात. ह्यांपैकी तिसरा सर्वांत घातक, कारण त्यात मांडी आतून कोंडली जाते आणि टाच आपोआप समोर उघडी पडते. त्याला लोकांनी ‘सॅडल’, ‘हनी होल’, ‘फोर-इलेव्हन’ अशी नावे दिली होती. डॅनहर ह्यांनी ‘इनसाइड सांकाकु’ म्हटले. ‘सांकाकु’ म्हणजे त्रिकोण. तोही जूदोत मुख्यतः गळा आवळण्याच्या संदर्भात ओळखीचा असलेला शब्द येथे पायांकडे वळविला गेला.

पुढे अमेरिकन आखाड्यांत ह्या संज्ञेचे जे झाले ते भाषेच्या अभ्यासकाला मौज वाटावी असे आहे. ‘आउटसाइड आशि-गारामी’ हे लांबलचक नाव घाईच्या बोलण्यात ‘आउटसाइड आशि’ एवढेच उरले. म्हणजे ‘गुंता’ हा अर्थ देणारे पद गळाले आणि ‘पाय’ हे पद मागे राहून त्यानेच गुंत्याचा अर्थ उचलला. आपण ‘रेल्वे आली’ म्हणतो तेव्हा मार्गाचे नाव गाडीला दिलेले असते. तसाच हा व्यवहार. खुद्द जपानमध्ये इमानारी मासाकाझु ह्या मल्लाला चाहत्यांनी ‘आशिकान जूदान’ ही पदवी दिली. ‘आशिकान’ हे ‘आशि-कान्सेत्सु’चे, म्हणजे पायाच्या सांध्यांवरील तंत्रांचे, संक्षिप्त रूप. जपानच्या आखाड्यांत सांध्यावरून पडलेले नाव चालले आणि गुंत्यावरून पडलेले जपानी नाव न्यूयॉर्कच्या तळघरात वाढले.

परिणाम लवकरच दिसून आले. २०१४ साली सुरू झालेल्या ‘एडी ब्राव्हो इन्व्हिटेशनल’ स्पर्धांतून डॅनहर ह्यांचे शिष्य एडी कमिंग्ज व गॅरी टोनन ह्यांनी एकामागून एक प्रतिस्पर्धी टाचेच्या पिळाने शरण आणले. २०१९ च्या एडीसीसी स्पर्धेत, कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे, ७७ किलो गटाचे ऑस्ट्रेलियन मल्ल लाक्लन जाइल्स खुल्या गटात उतरले आणि आपल्याहून पुष्कळच जड अशा तिघांना टाचेच्या पिळाने हरवून त्यांनी तिसरा क्रमांक मिळविला. गंमत अशी की, हे गृहस्थ फिजिओथेरपीचे डॉक्टर असून त्यांचे संशोधन गुडघेदुखीच्या उपचारांवर आहे. ज्याला गुडघा बरा कसा करावा हे ठाऊक, त्याला तो कोठे दुखतो हेही ठाऊक असणारच. अखेर २०२१ साली आंतरराष्ट्रीय ब्राझिली जुजुत्सू महासंघाने, झगा न घालता होणाऱ्या लढतींत, तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या प्रौढ खेळाडूंना टाचेचा पीळ आणि प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवरून आडवा पाय टाकून गुडघा आत ढकलणे, ज्याला ‘रीपिंग’ म्हणतात, ह्या दोहोंची परवानगी दिली. झग्यातील लढतींत दोन्ही निषिद्धच राहिली.

ह्या बंदीचे स्वरूप काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. ‘रीपिंग’ हा डाव नव्हे, ती एक स्थिती आहे. तीत प्रतिस्पर्ध्याची टाच धरलेली असो वा नसो, पंच खेळाडूला बाद करीत. म्हणजे नियमकर्त्यांनी पेच ओळखला होता. नाव देऊन त्याला वर्ज्यही केले होते. परंतु जो पेच शिकवावयाचाच नाही, त्यातून सुटावयाचे कसे हेही कोणी शिकवीत नाही. टाचेच्या पिळात वेदना उशिरा येते. अस्थिबंध ताणला जात असता फारसे दुखत नाही आणि दुखू लागेतो तो बहुधा तुटण्याच्या बेतात आलेला असतो. अशा तंत्रात वेदनेची वाट पाहणारा मल्ल गुडघा गमावतो. स्थिती ओळखणारा वेळीच हाताने जमीन थोपटून हार मानतो किंवा त्याआधीच रेषेबाहेर निसटतो. अनेक वर्षे पांढऱ्या, निळ्या, जांभळ्या पट्ट्यांतून वर आलेल्या मल्लाला हे ज्ञान थेट तपकिरी पट्ट्यावर, आणि तेही सामन्यात, प्रथम मिळावे ही व्यवस्था मला गुडघ्याच्या रक्षणाची वाटत नाही. कानो ह्यांच्यापुढील प्रश्न शाळेचा होता. येथे प्रश्न प्रौढ आणि स्वेच्छेने उतरणाऱ्या खेळाडूंचा आहे. दोन्ही ठिकाणी एकच उत्तर लागू करणे म्हणजे नियमाचे कारण विसरून नियम पाळणे होय.

आता मराठी संज्ञेविषयी. ‘लेग लॉक’चे ‘पायाचे कुलूप’ असे भाषांतर अधूनमधून कानी येते; ते टाळावे, कारण त्यात पुन्हा शेवटावरच भर पडतो आणि स्थितीचा वर्ग निनावी राहतो. आशि-गारामीसाठी ‘पायपेच’ हा शब्द योजावा असे मी सुचवितो. ‘पेच’मध्ये ‘कारामु’चा वेढणे हा अर्थ मूळचाच आहे आणि अडचणीत सापडणे हा अर्थ मराठीने त्यात घातलेला आहे, दोन्ही येथे हवेच आहेत. मग साधा पायपेच, बाहेरचा पायपेच, त्रिकोणी पायपेच आणि दोघेही सारखेच अडकलेले असतात तो समपेच, अशी मालिका आपोआप तयार होते. ‘हील हुक’ला ‘टाचपीळ’ म्हणता येईल. पण तो पायपेचाचा प्रकार नव्हे, पायपेचातून निघणारा डाव आहे, आणि कोशकाराने त्यांची नोंद दोन स्वतंत्र ठिकाणी करावी.